पडद्यावर आले 'ठे जावई'

मी मिरजेत लग्नामुंजीचे व्हिडिओ एडिट करतो. लोकांना वाटतं एडिट झालं की संपलं, मग काय एक्स्पोर्टचं बटण दाबायचं आणि पैसे घ्यायचे. माझी वाट मात्र नेमकी तिथंच लागते.

गेल्या वर्षी सांगलीत एका आजोबांचं सहस्रचंद्रदर्शन होतं. आजोबा रिटायर मास्तर, घरच्यांनी २२ मिनिटांची फिल्म करून घेतलेली, जुने फोटो, विद्यार्थ्यांच्या बाइट वगैरे. मी आपला नेहमीसारखा १९२० बाय १०८० पिक्सेलला (पिक्सेल म्हणजे चित्राचे ठिपके) एक्स्पोर्ट मारला आणि सकाळी हॉलवर गेलो. टेस्टिंगला फिल्म लावली आणि पडद्यावर जावयांच्या फोटोखाली आलं, 'ठे जावई'. मागून कुणीतरी काकू म्हणाल्या, अगं बाई, जावईबापूंचा 'मो' कुठं गेला?

झालं असं की एलईडीवाल्याचा पडदा होता ३ मीटर बाय २ मीटर, आणि माझी फिल्म १६:९, म्हणजे पडद्यापेक्षा जास्त लांबट. दोन्हींचा आकार जुळत नाही म्हटल्यावर त्याने पडदा पूर्ण भरावा म्हणून दोन्ही बाजू कापल्या होत्या. त्याला म्हटलं अरे फिट कर, तर म्हणे सेटिंग आमच्या शेठला माहिती, ते कोल्हापूरला गेलेत. मग मी पॅनल मोजायला बसलो. अर्धा मीटरचे चौकोनी पॅनल, आडवे ६, उभे ४, एकेका पॅनलवर १२८ बाय १२८ पिक्सेल. म्हणजे एवढा थोरला पडदा सगळा मिळून ७६८ बाय ५१२! खिशातला मोबाइल यापेक्षा जास्त पिक्सेल दाखवतो हो.

केटररच्या बोर्डावर चार्जर लावला, ७६८ बाय ५१२ चं नवीन सिक्वेन्स, म्हणजे एडिटिंगची चौकट, केलं, फिल्म त्यात ७६८ बाय ४३२ बसवली, वर-खाली ४०-४० पिक्सेलची काळी पट्टी. नावांचा बारीक फॉन्ट त्या ठिपक्यांत विरघळत होता, अनुस्वार तर दिसतच नव्हते, म्हणून सगळी नावं ठळक केली. साइज लहान म्हणून रेंडर, म्हणजे फाइल तयार व्हायचं काम, पटकन झाला. ओवाळणी चालू होती तेवढ्यात फाइल दिली आणि जावई अख्खे दिसले.

तिकडे आजोबांच्या न्यू जर्सीच्या मुलासाठी यूट्यूबवर अनलिस्टेड, म्हणजे लिंक असेल त्यालाच दिसेल असं, टाकलं होतं, त्याचा लगेच मेसेज, व्हिडिओ ब्लर आहे. त्याला सांगितलं की थोडं थांबा, यूट्यूब आधी कमी क्वालिटीचं दाखवतं, एचडी मागून तयार होतं.

खरा घोळ पुढे. कार्यक्रमाचं दोन तासांचं पूर्ण शूटिंग आजोबांना टीव्हीवर बघायचं होतं. १२ एमबीपीएसला (सेकंदाला १२ मेगाबिट, हाच बिटरेट) फाइल झाली जवळजवळ ११ जीबी, आणि पेन ड्राइव्ह एफएटी ३२ या जुन्या फॉरमॅटचा, त्यात ४ जीबीच्या वरची एक फाइल जातच नाही, मग ड्राइव्ह ३२ जीबीचा असो नाहीतर ६४ चा. आणि एक्सफॅट या नव्या फॉरमॅटचा केला तर तो जुना टीव्ही वाचेल याची खात्री नाही. मी शहाणपणा केला, एच २६५ हे व्हिडिओ दाबून लहान करायचं नवं तंत्र लावलं, कमी बिटरेटमध्ये बरी क्वालिटी मिळते म्हणून, ४ एमबीपीएस, ३.६ जीबी, बसली. माझ्या लॅपटॉपवर एकदम लोण्यासारखी चालली.

दुसऱ्या दिवशी नातवाचा फोन. दादा, टीव्ही म्हणतोय फाइल सपोर्ट होत नाही, आजोबा सकाळपासून चष्मा लावून बसलेत.

टीव्ही २०१२ चा, एच २६५ आलं २०१३ ला, बिचाऱ्याला ते कुठून कळणार! आणि हे मी आधी विचारलंच नव्हतं, चूक सरळ माझी. लॅपटॉप घेऊन गेलो, परत आधीचं जुनं तंत्र एच २६४, ८ एमबीपीएस, म्हणजे तासाला ३.६ जीबी, आणि शूटिंगचे तासातासाचे दोन भाग. रेंडर होईपर्यंत आजोबा शेजारी बसून टक्के वाचत होते, चव्वेचाळीस, पंचेचाळीस, शाळेत हजेरी घेतल्यासारखे.

पेन ड्राइव्ह लावला, चित्र आलं, आवाज आला, माझ्या जिवात जीव आला. आजोबांनी स्क्रीनवर 'भाग १' आणि 'भाग २' बघितलं आणि विचारलं, दोन का रे?

मी एफएटी ३२ समजवायला तोंड उघडलं तोवर ते आत बघून ओरडले, अगं, मध्यंतर आहे, चहा तेव्हाच टाक.