निगेटिव्ह स्लाइडची किंमत

इंदूरच्या एका प्रयोगशाळेत मी २८ वर्षे सूक्ष्मदर्शकावर काढली. कार्बोल फ्युक्सिन ओतलेली स्लाइड वाफ निघेपर्यंत तापवायची, आम्लाने धुवायची, मेथिलीन ब्लू चढवायचे आणि निळ्या पार्श्वभूमीवर लाल काड्या, म्हणजे क्षयाचे जंतू, शोधत शंभर फील्ड (भिंगातून एका वेळी दिसणारा भाग) पाहायची. काहीच दिसले नाही तर रजिस्टरमध्ये ‘निगेटिव्ह’ लिहायचे. क्षयरोगाची ही तपासणी सर्वांत स्वस्त समजली जाते; परंतु एचआयव्ही असलेल्या माणसासाठी तिला स्वस्त म्हणणे मला पटत नाही.

बेडक्याच्या एका मिलिलिटरमध्ये साधारण ५,००० ते १०,००० जंतू असतील तरच ते स्लाइडवर दिसतात. प्रतिकारशक्ती खचलेल्या शरीरात फुप्फुसाला पोकळ्या पडण्याचे प्रमाण कमी असते, त्यामुळे बेडक्यात जंतू थोडे उतरतात आणि रोग गाठींत किंवा रक्तात पसरलेला असू शकतो.

मराठी मोहल्ल्याकडचा एक शिवणकाम करणारा तरुण दोनदा आला होता. त्याची आई म्हणाली, “भाऊ, ह्याच्या छातीतून काही निघतच नाही हो.” डबीत नुसती लाळ होती. मी दोन्ही वेळा निगेटिव्ह लिहिले. शेवटी मानेच्या गाठीत सुई घालून निदान झाले, तोवर पाच आठवडे उलटले होते. त्याची बुडालेली मजुरी आणि बाहेर काढलेले एक्स-रे आमच्या हिशेबात कुठेच नव्हते.

२०१० च्या डिसेंबरमध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एक्सपर्टला, म्हणजे यंत्रात जंतूंचे जनुकीय अंश शोधणाऱ्या तपासणीला, मान्यता दिली. दोन तासांच्या आत जंतू आणि रिफाम्पिसिन या क्षयरोगाच्या प्रमुख औषधाला असलेला प्रतिरोध, दोन्ही कळू लागले. २०१२ मध्ये सरकारी कार्यक्रमांसाठी या तपासणीला लागणाऱ्या कार्ट्रिजची किंमत ९.९८ डॉलरवर आली, तरीही स्लाइडच्या तुलनेत ती महागच होती. त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेच्या परिसरातील पाच देशांसाठी मांडलेल्या हिशेबात वाढीव खर्चाचा मोठा भाग कार्ट्रिजचा नव्हता, तर जगलेल्या माणसांना पुढे द्याव्या लागणाऱ्या एआरटीचा, म्हणजे एचआयव्हीवरील औषधांचा, होता. माणूस वाचला म्हणून तपासणी महाग दिसावी, हे वाचून मी बराच वेळ अस्वस्थ होतो.

अर्थात केवळ यंत्र आणून मृत्यू कमी होतातच असे नाही. दक्षिण आफ्रिकेतील एक्सटेंड या संशोधन चाचणीत स्लाइड आणि एक्सपर्ट या दोन गटांतील मृत्यूंमध्ये ठोस फरक आढळला नाही. अहवाल आला, पण रुग्णावर उपचार सुरूच झाले नाहीत, तर कार्ट्रिजचा पैसा वाया जातो; म्हणून रुग्णाला शोधून परत आणणाऱ्या कार्यकर्त्याचा पगार मी तपासणीच्याच खर्चात धरतो.

मला सर्वाधिक आशा वाटते ती लघवीतील लॅम (क्षयजंतूंच्या आवरणाचा अंश) शोधणाऱ्या तपासणीची. ती पट्टी २५ मिनिटांत वाचता येते, तिला यंत्र लागत नाही आणि बेडकाही लागत नाही. तिची संवेदनशीलता एकंदर निम्म्याहून कमी आहे, पण सीडी-फोर (रक्तातील प्रतिकारपेशींची संख्या) जितके खाली, तितकी ती अधिक रुग्ण पकडते. मलावी आणि दक्षिण आफ्रिकेतील स्टॅम्प चाचणीत सगळे दाखल रुग्ण मिळून फरक निर्णायक नव्हता, मात्र सीडी-फोर १०० च्या खाली असलेल्यांमध्ये मृत्यू कमी झाले. तिच्यावरून प्रतिरोध कळत नाही, त्यामुळे ती एक्सपर्टची जागा घेऊ शकत नाही. तरीही अशक्त, तापाने फणफणलेल्या, सीडी-फोर घसरलेल्या रुग्णाला वॉर्डात घेताच बेडक्याच्या डबीसोबत लघवीची बाटलीही हातात द्यावी, असे माझे ठाम मत आहे. त्या तरुणाला लघवीचा नमुना देणे सहज जमले असते.