टू-टी ऑइलचं माप: २५:१ वरून ३२:१ वर

मागच्या नोंदीपर्यंत इंजिन जोडून झालं होतं. नवा पिस्टन, नव्या रिंगा, क्रँकचे दोन्ही सील नवे. आता रनिंग-इन (नव्या भागांना हळूहळू सरावू देणं) संपलंय आणि पेट्रोलमध्ये मिसळायच्या टू-टी, म्हणजे टू-स्ट्रोक इंजिनाच्या, तेलाचं प्रमाण कायमचं ठरवायची वेळ आली आहे. गाडी टू-स्ट्रोक, एक सिलिंडरची, हवेने थंड होणारी, तेलाचा पंप नसलेली. यामाहाने १९६४ साली वायए-६ या गाडीवर ऑटोल्यूब आणलं आणि वेगळी तेलाची टाकी, थ्रॉटलप्रमाणे कमी-जास्त तेल सोडणारा पंप ही सोय पुढे बऱ्याच टू-स्ट्रोकवर आली. माझी गाडी त्या आधीच्या वळणाची. तिला तेल मिळतं ते फक्त पेट्रोलमधून, म्हणून माप हाच तिचा तेलाचा पंप.

रनिंग-इनला २५:१ ठेवलं होतं, म्हणजे २५ भाग पेट्रोलला १ भाग तेल, पेट्रोलच्या लिटरला ४० मिलि. आता ३२:१ वर आणलंय, लिटरला ३१ मिलिच्या किंचित वर. ४०:१ ला २५ मिलि आणि ५०:१ ला २० मिलि लागतं. बाटलीवर ५०:१ छापलेलं असलं तरी मी तिथवर जाणार नाही. जुन्या मॅन्युअलमधलं २५:१ हे त्या काळच्या साध्या मिनरल तेलासाठी होतं आणि आजची तेलं त्यापेक्षा पुष्कळ चांगली आहेत, हे मान्य. पण बिग-एंडची (कनेक्टिंग रॉडच्या क्रँककडच्या टोकाची) बेअरिंग, सिलिंडर थंड ठेवणाऱ्या पात्यांचा म्हणजे फिन्सचा आकार, पिस्टनची फट हे सगळं त्या काळचंच आहे. हवेवर थंड होणारं इंजिन चढावर बराच वेळ ओढत राहिलं की सिलिंडर किती तापतो, ते फिन्सजवळ हात नेला की कळतं. थोडा जास्त धूर मला चालेल, कोरडी बेअरिंग चालणार नाही.

तेल कोणतं, यावर फार लिहीत नाही. डब्यावर जासो या जपानी मानकाची एफसी किंवा एफडी श्रेणी असावी. एफडीमध्ये पिस्टन आणि रिंगांचे खाचे स्वच्छ ठेवण्याची कसोटी एफसीपेक्षा कडक आहे, म्हणून मी एफडी घेतो. बोटींच्या इंजिनाचं टीसी-डब्ल्यू३ तेल गाडीत घालू नका. ते पाण्याने थंड राहणाऱ्या इंजिनासाठी बनवलेलं असतं, आपल्या तापमानाला ते पिस्टन स्वच्छ ठेवू शकत नाही. फोर-स्ट्रोकचं इंजिन ऑइल तर मुळीच नको. ते जळण्यासाठी बनवलेलंच नसतं. त्यातल्या धातूयुक्त रसायनांची राख प्लगवर आणि पिस्टनच्या माथ्यावर साचते, ती तापून लाल झाली की पेट्रोल-हवेचं मिक्श्चर ठिणगीच्या आधीच पेटतं. एरंडेल तेलावर आधारलेलं रेसिंग तेल उत्तमच, पण ते रिंगांत चिकट थर सोडतं आणि मिनरल तेलाशी त्याचं जमत नाही. रोजच्या गाडीत ते नको.

आता मापाकडे. प्रमाण बदलताना आधी टाकी आणि फ्लोट चेंबर (कार्बोरेटरची पेट्रोलची वाटी) दोन्ही रिकामे केले. टाकीच्या तळाशी दोन-तीन लिटर जुनं मिश्रण राहू दिलं तर ना धड २५ ना धड ३२, आणि मग प्लग बघून काढलेल्या कोणत्याही निष्कर्षाला अर्थ उरत नाही.

मिश्रण मी टाकीत करत नाही, कॅनमध्येच करतो. कारण एकदा डोळ्यांनी बघण्यासारखं आहे. काचेच्या पारदर्शक बाटलीत पेट्रोल घ्या आणि वरून तेलाची बारीक धार सोडा. निळं तेल दोऱ्यासारखं वळत-वळत खाली जातं आणि तळाशी त्याचा जाड थर बसतो. बाटली न हलवता ठेवली तर तो थर बराच वेळ तसाच राहतो, फक्त त्याची वरची कड अंधुक होत जाते. आता हाच थर टाकीत पेट्रोल कॉकच्या (टाकीखालच्या तोटीच्या) तोंडाशी बसला आहे असं समजा. रिझर्व्हचं भोक तळालाच असतं. पहिले काही मिनिटं इंजिनाला जवळपास नुसतं तेल मिळेल, गाडी गुदमरेल, प्लग ओला होईल आणि उरलेल्या टाकीत तेल कमी पडेल. दुसरी गोष्टही त्याच बाटलीत दिसते: नीट हलवल्यावर रंग एकसारखा होतो आणि मग तो खाली बसत नाही. तेल पेट्रोलमध्ये विरघळतं. चांगलं मिसळलेलं मिश्रण रात्रभर उभं राहिल्याने वेगळं होतं, ही भीती साध्या पेट्रोलपुरती तरी निराधार आहे. कडाक्याच्या थंडीत मात्र तेल घट्ट झालेलं असतं, तेव्हा मिसळायला जास्त वेळ द्यावा लागतो.

कॅनमध्ये आधी निम्मं पेट्रोल, मग तेल, झाकण लावून जोरात हलवायचं, मग उरलेलं पेट्रोल आणि पुन्हा हलवायचं. तेल मोजायला मोठी सिरिंज घेतली आहे. बाटलीच्या झाकणाने मोजणं मी सोडून दिलं, कारण ५ लिटरला १५६ मिलि हा आकडा झाकणांच्या हिशोबात बसत नाही. मापाच्या जारने मोजत असाल तर जार पेट्रोलने विसळून ते पेट्रोल कॅनमध्येच ओता, नाहीतर जारच्या भिंतीला धरलेलं तेल तिथेच राहतं. प्रवासात पंपावर थांबल्यावर टाकीतच मिसळावं लागतं. त्यासाठी छोट्या बाटल्यांत तेल आधीच मोजून ठेवलंय, प्रत्येकीत ३ लिटरचं. तेल फक्त नव्याने भरलेल्या पेट्रोलच्या हिशोबाने घालायचं, आत असलेल्या मिश्रणात ते आधीच आहे. आणि तेल ओतण्यापूर्वी कॉक बंद.

जेटिंगचा, म्हणजे कार्बोरेटरमधली पेट्रोल मोजून सोडणारी भोकं (जेट) जुळवण्याचा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण त्याबद्दलची समजूत बरोबर उलटी आहे. तेल वाढवलं की मिक्श्चर रिच होतं (हवेच्या मानाने पेट्रोल जास्त), असं आपल्यातले बरेच जण धरून चालतात. धूर वाढतो, प्लग काळा पडतो, म्हणून तसं वाटतं. पण जेटमधून जाणारं द्रव तेवढंच असतं. त्यात तेल वाढलं म्हणजे पेट्रोल घटलं, आणि हवेच्या हिशोबात धरायचं ते पेट्रोल. म्हणजे जास्त तेल घातलं की मिक्श्चर लीन होतं (हवेच्या मानाने पेट्रोल कमी).

किती, तेही मोजता येतं. २५:१ मध्ये पेट्रोलचा वाटा ९६.२ टक्के, ३२:१ मध्ये ९७ टक्के. मी केलेल्या बदलाने मिक्श्चर जेमतेम पाऊण ते एक टक्का रिच झालं. थेट ५०:१ वर गेलो असतो तरी फरक दोन टक्क्यांच्या आतच राहिला असता. आता याच्या शेजारी हवा ठेवा. ३० अंशांवरून तापमान १० अंशांवर आलं की हवेची घनता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते आणि कार्बोरेटरच्या मिक्श्चरवर त्याचा साधारण निम्मा परिणाम होतो, म्हणजे तीन-साडेतीन टक्के लीन. पेट्रोलमध्ये १० टक्के इथेनॉल असेल तर आणखी सुमारे चार टक्के लीन, कारण इथेनॉलला जळायला हवा कमी लागते आणि तेवढ्याच हवेसाठी ते जास्त घालावं लागतं. या दोघांपुढे तेलाचा फरक किरकोळ आहे. म्हणून गाडी अडखळली की तेल कमी-जास्त करून बघणं मला पटत नाही. तेलाचं काम वंगणाचं. ते एकदा ठरवायचं आणि त्याला हात लावायचा नाही. जुळवायचं ते जेट, सुई आणि हवेचा स्क्रू.

त्याप्रमाणे केलं. ३२:१ कायम ठेवून, थंड सकाळ गृहीत धरून मेन जेट एक नंबर मोठा बसवला. मग लगेच प्लग बघितला नाही. क्रँककेसमध्ये आधीचं तेल मुरलेलं असतं, ते बदलायला वेळ लागतो. एक पूर्ण टाकी चालवली, नवा प्लग लावला, मोकळ्या सरळ रस्त्यावर पूर्ण थ्रॉटलला गाडी ओढली आणि तिथल्या तिथे क्लच दाबून इंजिन बंद केलं. भिंगातून बघण्याची जागा म्हणजे पांढऱ्या पोर्सेलीनचं मूळ, आत खोल, जिथे ते लोखंडी कवचाला भेटतं. टोकाकडचा रंग तेल आणि रेंगाळत चालवलेली गाडी दाखवतो. मुळाशी मात्र फिकट तपकिरी धुराची अरुंद कडी दिसली, सगळीकडे सारख्या रुंदीची, म्हणजे मेन जेट जुळला. पोर्सेलीनवर चकचकीत करडे ठिपके कुठेही नाहीत. तसे ठिपके म्हणजे पिस्टनचं ॲल्युमिनियम, ते दिसले तर पुढे चालवायचंच नाही. बाहेरच्या धातूच्या कडेवर थोडी ओलसर काजळी आहे. ३२:१ ला ती असणारच.

प्रीमिक्सवाल्यांनी (पेट्रोलमध्येच तेल मिसळणाऱ्यांनी) उतारावर सांभाळायचं असतं. गाडी गिअरमध्ये ठेवून थ्रॉटल पूर्ण बंद करून लांब घाट उतरताना इंजिन भरभर फिरतं, पण कार्बोरेटरमधून जवळजवळ काहीच येत नाही. पेट्रोल नाही म्हणजे तेलही नाही. प्रमाण कितीही बरोबर असो, त्या वेळी पिस्टनला मिळतं ते आधीच आत असलेलं तेल. मी थोड्या-थोड्या अंतराने थ्रॉटल उघडून एक घोट देतो, किंवा क्लच दाबून इंजिन आयडलवर येऊ देतो आणि वेग ब्रेकवर धरतो.

साठवणीबद्दल: लागेल तेवढंच मिसळतो आणि कॅनवर प्रमाण व तारीख लिहितो. गाडी काही आठवडे उभी राहणार असेल तर कॉक बंद करून फ्लोट चेंबर रिकामा होईपर्यंत इंजिन चालवायचं. नाहीतर पेट्रोल उडून जातं आणि पायलट जेटच्या (आयडलला पेट्रोल देणाऱ्या जेटच्या) बारीक भोकात हिरवट चिकट तेल उरतं. इथेनॉलच्या पेट्रोलला जास्त जपायला हवं. ते हवेतला ओलावा ओढतं, आणि पाणी ठरावीक मर्यादेपलीकडे गेलं की इथेनॉल आणि पाणी मिळून वेगळे होऊन तळाला बसतात. तेल वरच्या पेट्रोलमध्ये राहतं, कॉक मात्र तळातून ओढतो. त्या थरात वंगण जवळपास नसतंच. म्हणून बरेच दिवस उभ्या असलेल्या गाडीला किक मारण्याआधी कॉकमधून थोडं काचेच्या बाटलीत काढून बघतो. गढूळ दिसलं किंवा दोन थर दिसले तर सगळी टाकी ओततो.

पुढचं काम सुईचं, म्हणजे मधल्या थ्रॉटलला पेट्रोल किती जाईल ते ठरवणाऱ्या कार्बोरेटरच्या सुईचं. अर्ध्या थ्रॉटलला, सपाटीवर, इंजिन चार स्ट्रोकला एकदा पेटल्यासारखं किंचित अडखळतंय, म्हणजे तिथे मिक्श्चर रिच आहे. क्लिप एक खाच वर घेऊन सुई खाली उतरवणार आहे. तेल ३२:१ च राहील.