एकवीस पौंडांची नोटीस

इंग्लंडमधल्या आमच्या छोट्या गावात आठ-नऊ मराठी घरं आहेत. आमच्या एका मैत्रिणीचे अखेरचे दिवस ज्या हॉस्पिसमध्ये गेले, त्यासाठी पैसे उभे करायचे म्हणून आम्ही १ जून २०२४ ला, शनिवारी, गावच्या सभागृहात मिसळीचं जेवण ठरवलं. तिकीट १५ पौंड, त्यात मिसळ-पाव आणि एक ग्लास वाइन.

"चांगल्या कामात दारू कशाला गं?" काकांनी विचारलं. त्यांचा प्रश्न रास्त होता. पण निम्मे पाहुणे इंग्रज शेजारी असणार होते आणि पुढच्या ग्लासांचे पैसेही हॉस्पिसलाच जाणार होते. शेवटी ते म्हणाले, "मग कागदपत्रं तेवढी चोख ठेव."

वाइन तिकिटासोबत देतोय, विकत नाही, मग परवानगी कशाला, असा माझा समज होता. कौन्सिलच्या लायसन्सिंग विभागातल्या बाईंनी फोनवर तो दूर केला. तिकिटाच्या पैशात पेय धरलं की ती विक्रीच. 'देणगी' म्हटलं, पण ती दिल्याशिवाय ग्लास मिळत नसेल, तर तीही विक्रीच. आमच्या सोडतीत बक्षीस म्हणून ठेवलेल्या सीलबंद बाटलीला मात्र सूट होती.

सभागृहाला दारूचा परवाना नव्हता, म्हणून २००३ च्या लायसन्सिंग ॲक्टखाली कौन्सिलला टेम्पररी इव्हेंट नोटीस, म्हणजे एका कार्यक्रमापुरती दारू विकणार असल्याची पूर्वसूचना, द्यायची होती. शुल्क २१ पौंड. एका वेळी जास्तीत जास्त ४९९ माणसं, आणि त्यात वाढपी-स्वयंसेवकही मोजायचे. ही नोटीस संस्थेच्या नावाने देताच येत नाही, एका माणसाच्या नावाने द्यावी लागते. जन्मस्थळ, नॅशनल इन्शुरन्स नंबर, सगळं माझं. अठराखालच्या कुणाला ग्लास गेला तर उत्तर मला द्यावं लागणार, हे तो रकाना भरताना नीट उमगलं.

फॉर्म अर्ध्या तासात झाला. चूक झाली ती दिवस मोजण्यात. १७ मेला, शुक्रवारी दुपारी, तो ऑनलाइन पाठवला. म्हटलं, पंधरा दिवस आहेत. पण कामाचे दहा दिवस पूर्ण मधे लागतात. नोटीस दिल्याचा दिवस धरायचा नाही, कार्यक्रमाचाही नाही, शनिवार-रविवार नाहीत. त्यात २७ मेचा सोमवार सुट्टीचा. हाताशी उरले नऊ. आदल्या दिवशी पाठवला असता तर बसला असता!

एका दिवसाने माझी नोटीस 'उशिराची' ठरली. वेळेत दिलेल्या नोटिशीवर पोलिसांनी किंवा पर्यावरण-आरोग्य विभागाने हरकत घेतली, तर सुनावणी होते, आपली बाजू मांडता येते. उशिराच्या नोटिशीला ती सोय नाही, हरकत आली की बार बंद. हरकतीसाठी त्यांना कामाचे तीन दिवस असतात. त्या दिवसांत मी ऐंशी तिकिटं विकून बसले होते आणि रात्री झोप लागत नव्हती. एकदा फोन आला, गाणी किती वाजेपर्यंत? दहाला बंद आणि दारं लावून, असं मी सांगितलं. हरकत आली नाही.

नियम असावेत, याबद्दल माझं दुमत नाही. पण वर्षातून एकदा मिसळ वाढणाऱ्या गटाला आणि मोठ्या मैदानातल्या बिअरच्या तंबूला एकच फॉर्म, ही मोजपट्टी मला पटत नाही. छोट्या सामाजिक संस्थांसाठी हलक्या नोटिशीची तरतूद २०१५ च्या डीरेग्युलेशन ॲक्टमध्ये संसदेने केली होती. ती अंमलात आणलीच गेली नाही. आमच्यासारख्यांना तीच हवी होती. निदान ऑनलाइन फॉर्ममध्ये कार्यक्रमाची तारीख टाकली की शेवटचा दिवस समोर यावा, एवढं तर आजही करता येईल.

१ जूनला नोटिशीची प्रत बारमागच्या भिंतीवर लावली. बाटल्यांचा हिशेब काकांनी स्वतःकडे घेतला आणि कोवळ्या चेहऱ्याच्या प्रत्येकाला अदबीने ओळखपत्र विचारलं. मैत्रिणीला सांभाळणाऱ्या दोन परिचारिका आल्या होत्या. त्यांनी तर्री दोनदा मागून घेतली.