नावावरून व्हॅल्यू काढताना

भाव_लासलगाव, भाव_कऱ्हाड असे सुटे व्हेरिएबल करायचे आणि मग 'भाव_' + बाजार (बाजार या व्हेरिएबलमध्ये बाजाराचं नाव) असं जोडून किंमत मागायची, हे जावास्क्रिप्टमध्ये चालत नाही. हाती नुसती स्ट्रिंग येते. विंडोवर (ब्राउझरच्या ग्लोबल ऑब्जेक्टवर) चौकोनी कंस लावून शोधलं तर साध्या स्क्रिप्टमध्ये सगळ्यात बाहेर वारने केलेलं सापडतं. लेट, कॉन्स्ट किंवा मॉड्यूलमधलं काहीच सापडत नाही. इव्हॅलच्या (स्ट्रिंगच कोड म्हणून चालवणाऱ्या फंक्शनच्या) वाटेला जाऊच नका.

सगळे भाव एकाच ऑब्जेक्टमध्ये ठेवा आणि भाव[बाजार] लिहा. इथे भाव.बाजार लिहिलंत तर 'बाजार' नावाचीच की (ऑब्जेक्टमधल्या नोंदीचं नाव) शोधली जाते. ती नसते, म्हणून अनडिफाइन्ड मिळतं आणि एररही येत नाही. एरर येते पुढच्या पायरीला: बाजाराचं नाव चुकलेलं असेल तर भाव[बाजार].कांदा वाचताना. तिथे भाव[बाजार]?.कांदा लिहिता येतं (२०२० पासून), मग एररऐवजी अनडिफाइन्ड मिळतं, पण त्याने चुकीचं नाव झाकलं जातं, एवढं ध्यानात ठेवा. भाव['लासलगाव.कांदा'] ही वाट नव्हे, ती टिंबासकट एकच की. टिंबावर स्प्लिट करून एकेक पायरी उतरावी लागते.

नाव युजर टाईप करणार असेल तर आणखी एक खोच आहे. त्याने इंग्रजीतून कन्स्ट्रक्टर लिहिलं तर प्रोटोटाइपवरचं (प्रत्येक ऑब्जेक्टला आयतं मिळणारं) फंक्शन मिळतं आणि 'भाव आहे का' ही तुमची इफ खुशाल पास होते. आधी ऑब्जेक्ट.हॅजओनने तपासा (२०२२ पासून), नाहीतर सरळ मॅप (की आणि व्हॅल्यूच्या जोड्या ठेवायचा वेगळा प्रकार) घ्या. मॅपवर मात्र गेट आणि सेटच वापरायचे. मॅपला कंस लावून व्हॅल्यू ठेवली तर ती वरवर बसते, पण साइज शून्यच राहते आणि हॅज नाही म्हणतं.

आता आपल्याकडचा खास घोळ. 'कऱ्हाड' तीन तऱ्हेने टाईप होतं: सबंध ऱ, र आणि खाली नुक्ता, किंवा र, हलन्त आणि न दिसणारा झेडडब्ल्यूजे (झिरो विड्थ जॉइनर, अक्षरं जोडणारं चिन्ह). स्क्रीनवर तिन्ही सारखेच दिसतात, पण जावास्क्रिप्टच्या लेखी त्या तीन वेगळ्या की. नॉर्मलाइझ('एनएफसी') केल्यावर (यात सुटे तुकडे जोडून एकच अक्षर होतं) नुक्तावाला पहिल्यासारखा होतो. झेडडब्ल्यूजेवाला तसाच राहतो, आणि नुसता झेडडब्ल्यूजे उडवलात तर 'कर्हाड' होतं, रफार ह वर चढतो. म्हणून र-हलन्त-झेडडब्ल्यूजे या तिकडीच्या जागी ऱ-हलन्त रिप्लेस करायचं, आणि तेही दोन्हीकडे: की साठवताना आणि शोधताना.