मानेवरचा मळ

"डॉक्टर, कितीही घासलं तरी याच्या मानेचा मळ निघतच नाही. एखादं मलम द्या."

नऊ वर्षांचा मुलगा, मान खाली घालून बसलेला. कॉलर सरकवली तर मागे काळपट, जाडसर, मखमलीसारखी कातडी आणि तिच्यावर ताजे लाल ओरखडे. बेसन झालं होतं, लिंबू झालं होतं, शेवटी आईनं टाचा घासायची वजरी काढली होती.

"ताई, हा मळ नाहीच. वजरी आजपासून बंद." वजन वाढून रक्तात इन्सुलिन जास्त राहायला लागलं की मान, काखा अशा काळवंडतात. वजन ४३ किलो, उंची १३४ सेंटिमीटर, म्हणजे बीएमआय, उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, २४च्या घरात. मोठ्या माणसात फारसा डोळ्यात भरणार नाही असा आकडा. नऊ वर्षांच्या मुलाच्या तक्त्यावर तो लठ्ठपणाच्या रेषेच्या चांगलाच वर जातो.

"अंगानं भरलेलं लेकरू आहे, नजर नका लावू," आजी म्हणाल्या. वडील पोरावरच उखडले. "ऐकतच नाही हो. दिवसभर तोंड चालू."

काल काय काय खाल्लंस, असं मी मुलालाच विचारलं. त्यानं बोटांवर मोजलं. क्रीमची बिस्किटं, शेव, पुन्हा बिस्किटं, रात्री टीव्हीसमोर जेवताना कोल्ड्रिंक. २५० मिलीच्या बाटलीत साखर साधारण २५ ग्रॅम. मुलांना दिवसभरात वरची साखर त्याहून जास्त नको.

"याच्या खिशात पैसे असतात?"

"छे!"

"मग हे घरात आणतं कोण?"

आजींनी सुनेकडे बघितलं, सुनेनं नवऱ्याकडे.

रक्ताच्या तपासण्या लिहून दिल्या. या वयात उपाशी ठेवायचं नसतं. वजन आहे तिथं थोपवलं तरी उंची वाढत जाते आणि हिशेब सुधारतो. पण कोल्ड्रिंक आणि शेवेचा डबा घरातूनच जायला हवा, एकट्या त्याच्यापुरता नाही. जेवताना टीव्ही बंद. वडिलांचा मोबाईलही. हे शेवटचं मी दोनदा सांगितलं.

तीन महिन्यांनी आले. वजन तेवढंच, उंची दीड सेंटिमीटर जास्त. मानेचा रंग अजून तसाच होता, त्याला वेळ लागतो, पण ओरखडे गेले होते. मी शाबासकी दिली, तर स्वारी म्हणाली, "बाबा बाहेर वडापाव खाऊन येतात. हाताला लसणाच्या चटणीचा वास येतो."

वडील मला नाही, त्यालाच समजावू लागले, "अरे, महिन्यातून एकदाच!"