उंचीचा कोरा रकाना

पीआयसीयूतल्या (लहान मुलांच्या आयसीयूतल्या) कुठल्याही मुलाची फाईल उघडून बघा, वजन लिहिलेलं असतं आणि उंचीचा रकाना कोरा. रेसिडेंट होते तेव्हा मीही कोराच ठेवायचे, व्हेंटिलेटरवरच्या पोराची उंची कोण मोजत बसणार आणि वेळेवर टेप सापडते कुठे. मग एकदा शेजारशेजारच्या बेडवर दोन पोरं आली आणि ही सवय मोडली. (तपशील थोडे बदललेत, ओळख पटू नये म्हणून.)

एक 7 वर्षांचा मुलगा, मांडीत गळू होऊन इन्फेक्शन रक्तात गेलेलं, ताप 104. दुसरी 3 वर्षांची मुलगी, वजन 9 किलो, हातापायाच्या नुसत्या काड्या, निमोनियातून सेप्सिस, म्हणजे इन्फेक्शनपायी सगळं अंगच कोलमडायला लागलेलं. दोघांचं क्रिएटिनिन 0.3 (रक्तातला हा कचरा किडनी बाहेर टाकते, म्हणून कमी आलं की किडनी चांगली असं धरतात). मी खूश, किडन्या ठणठणीत आहेत, द्या दोघांना व्हँकोमायसिन हे अँटिबायोटिक नेहमीच्या हिशेबाने, किलोला 15 मिलीग्रॅम दर 6 तासांनी, विषय संपला.

संपला कसला! तिसऱ्या दिवशीही मुलाचा ताप हलेना. औषधाची लेव्हल पाठवली (ती बाहेरच्या लॅबला जायची, रिपोर्ट येईपर्यंत जीव टांगणीला), तर पुढच्या डोसच्या आधी रक्तात फक्त 4, आम्हाला निदान 10 तरी हवी होती. सीनियर मॅडमनी एवढंच विचारलं, "उंची किती गं ह्याची?" मी गप्प. सिस्टरनी ड्रॉवरमधून शिंप्याची टेप काढली, 120 सेंटीमीटर भरली. किडनी किती वेगाने रक्त गाळते ह्याचा अंदाज देणारं श्वार्ट्झचं 2009चं सूत्र म्हणजे 0.413 गुणिले उंची भागिले क्रिएटिनिन, उत्तर आलं 165. ह्या वयाला 100-120 च्या आसपास ठीक, 130 च्या वर गेलं की किडनी सुसाट सुटलीय समजायचं. सेप्सिसमध्ये रक्तवाहिन्या सैल पडतात, हृदय धावत असतं, वर आम्ही सलाईन ओतत असतो, मग किडनीकडे रक्त जास्त जातं आणि औषध जंतूंना भिडायच्या आत लघवीवाटे बाहेर. ऑगमेंटेड रीनल क्लिअरन्स असं भारदस्त नाव आहे ह्याला. क्रिएटिनिन वाढलं की आख्खं युनिट धावतं, पण कमी आलं की आम्ही सगळे निवांत, आणि तिकडे पोराला औषध पुरत नसतं. त्याचा डोस वाढवला, परत लेव्हल केली, मग कुठे गाडी रुळावर आली.

मुलीचं बरोब्बर उलटं. 85 सेंटीमीटर उंचीवर सूत्र 117 दाखवत होतं, म्हणजे कागदावर सगळं छान. पण क्रिएटिनिन तयार होतं स्नायूंमधून, आणि तिच्या अंगावर स्नायू होतेच कुठे? शिवाय हे सूत्र बसवलंय जुनाट किडनीविकाराच्या मुलांवर, ज्यांचं क्रिएटिनिन बऱ्यापैकी स्थिर असतं, आयसीयूत सहा तासांत चित्र पालटणाऱ्या पोरांवर नाही. किडनी आज सकाळी बसली तरी क्रिएटिनिन उद्यापरवा चढतं. खरी खबर युरीन बॅगेत होती, तासाला जेमतेम 4 मिली, 9 किलोच्या पोरीला निदान 9 तरी यायला हवी. दुसऱ्या दिवशी क्रिएटिनिन 0.6, रिपोर्टवर कुठे लाल खूण नाही कारण लॅबच्या लेखी ते अजून नॉर्मलमध्येच, पण आदल्या दिवसाच्या दुप्पट झालं ना बाई! 48 तासांत 0.3 ची वाढ म्हणजे किडनीला इजा, व्याख्याच तशी आहे. औषधाची लेव्हल आली 28. पुढचा डोस थांबवला आणि मग लेव्हल बघून एकेक देत गेलो.

तिच्या आजीनं विचारलं, "म्याडम, लेकराची किडनी तुमच्या इंजेक्शनानं गेली का?" मी सांगितलं, आजी, आजारानंही बसते आणि हे औषध जास्त साठलं तर त्यानंही बसते, आत्ता नेमकं कशानं ते वेगळं काढता येणार नाही. आजी म्हणाल्या, मग सगळीच इंजेक्शनं निम्मी करा की.

तिथेच तर ग्यानबाची मेख आहे. पहिला डोस किडनी बघून कमी करायचाच नसतो. रिकामा रांजण भरायला किती हंडे लागतील ते रांजणावर ठरतं, तोटी (म्हणजे किडनी) किती गळते त्यावर नाही, आणि सेप्सिसमध्ये अंगात पाणी साठून रांजण उलट मोठाच झालेला असतो. तोटीचा हिशेब दुसऱ्या हंड्यापासून. त्यातही प्रत्येक अँटिबायोटिकची तऱ्हा वेगळी. अमिकासिनला एकदा जोरात चढावं लागतं, म्हणून किडनी मंद असेल तर डोस तोच ठेवून दोन डोसमधलं अंतर वाढवतात, मेरोपेनेमला रक्तात जास्त वेळ टिकून राहावं लागतं, म्हणून किडनी सुसाट असेल तर तेच इंजेक्शन 3 तास हळूहळू सोडतात. सेफ्ट्रिअॅक्सोन किडनीसोबत बऱ्यापैकी पित्तातूनही जातं, त्याला सहसा हात लावावा लागत नाही. सेफेपिम मात्र किडनी बसलेल्या पोरात साठलं की थेट झटके येऊ शकतात. त्यामुळे "किडनीचा पेशंट आहे, सगळं निम्मं करा" अशी राऊंडवरची ऑर्डर ऐकली की माझं आजही डोकं फिरतं.

मुलीची लघवी पाचव्या दिवशी सुटली. तेव्हा डोस परत वाढवायला हवा हे मात्र आम्हाला एक दिवस उशिरा सुचलं, कमी करताना जी घाई असते ती वाढवताना कुणालाच नसते. दोन्ही पोरं घरी गेली. मी कोपऱ्यावरच्या दुकानातून टेप आणून ट्रॉलीला सुतळीने बांधून ठेवली, आठवड्याभरात गायब, सध्या चौथी चालू आहे.