आमची वाटचाल : फावड्याशिवाय बीकन नाही

सदाशिव पेठेतल्या दहा बाय बाराच्या खोलीत भागीदारानं आणि मी हिमालयातल्या बर्फात गट नेण्याचं दुकान थाटलं, तेव्हा आमची मालमत्ता म्हणजे हिमस्खलनात पुरलेल्या माणसाचा ठावठिकाणा सांगणारे सहा बीकन, बर्फात खुपसून माणूस चाचपायच्या लांब काठ्या म्हणजे सहा प्रोब, आणि सहा फावडी. मोसम संपला की बीकनमधले सेल काढायचे, हे भागीदाराचं व्रत. एखादा सेल गळून पत्रीवर हिरवट थर चढलेला दिसला की तो तासभर जुन्या टूथब्रशनं घासत बसायचा.

मग तो फेब्रुवारी आला. मनालीच्या वर चौदा जण घेऊन गेलो होतो. दोन दिवस बर्फ, सोबत वारा, तिसऱ्या दिवशी लख्ख ऊन. गट निघायला उतावीळ. भागीदार पुढे होता. त्यानं पाऊल टाकलं आणि पायाखाली 'धप्प' झालं. बुटापासून निघालेली चीर सरळ रेघ मारावी तशी उतारावर धावली. वाऱ्यानं आडोशाला आणून टाकलेली बर्फाची लादी होती ती, खाली भुसभुशीत थर. उतार मोजला, ३५ अंश. बहुतेक लाद्या ३० ते ४५ अंशांतच सुटतात आणि हिमस्खलन होतं. मी सगळ्यांना माघारी फिरवलं.

पुण्यात आल्यावर तेरा जणांनी पैसे परत मागितले. दिले. आमच्याच धंद्यातल्या एकानं 'हे घाबरट आहेत' असं पेठेभर सांगितलं आणि नुसते बीकन निम्म्या भाड्यानं द्यायला सुरुवात केली. फावडं नाही, प्रोब नाही! बीकन माणूस कुठे पुरलाय ते सांगतो, बाहेर काढत नाही. कोसळून थांबलेला बर्फ घट्ट बसतो, हातांनी उकरला जात नाही, आणि दहा-पंधरा मिनिटांनंतर जीव वाचायची आशा झपाट्यानं घटते. तरी गिऱ्हाईक तिकडे वळलं. भाडं थकलं, भागीदारानं नोकरी धरली. ते मला अजून लागतं.

चौदाव्या होत्या कोथरूडच्या, बँकेतून निवृत्त झालेल्या एक बाई. त्यांनी पैसे घेतले नाहीत. पुढच्या वर्षी चार मैत्रिणी घेऊन आल्या आणि दुकान टिकलं. पुढची वर्षं बरी गेली.

हिवाळ्यात हिमालयात जाणार असाल, तर डीजीआरई या डीआरडीओच्या संस्थेचा हिमस्खलनाचा इशारा निघायच्या दिवशी सकाळी वाचा. नेणाऱ्याला फावडी किती आहेत ते विचारा. शोधताना मोबाइल बीकनजवळ नको.

त्या बाई अजून रविवारी तळजाई टेकडीवर सरावाला येतात. पोत्यात बीकन घालून गवतात लपवायचा, तो त्यांनी शोधायचा. परवा चार मिनिटांत सापडला. 'परत लपवा,' म्हणाल्या.